दोन शिंगं आणि निळी पुडी

शेकाराऊ आईच्या पोटात वर्षभर मुक्काम ठोकून होता म्हणून त्याचं नाव शेकाराऊ. आमच्या रिजियार त्सामिया गावात उशिरा जन्मलेल्या पोराला हेच नाव ठेवतात आणि ते पोर मग जन्मभर नावाला जागतं. शेकाराऊ कुठंच वेळेवर पोचला नाही. बारशाला पोचायचा तेव्हा बकरा संपलेला असायचा. मशिदीत पोचायचा तेव्हा शेवटच्या रांगेत, लोकांनी काढलेल्या चपलांच्या शेजारी, तेवढी जागा उरलेली असायची. लग्नसुद्धा त्यानं उशिरा केलं. त्याच्या आतेबहिणीचं, डेलूचं, वाट बघून बघून दुसरीकडे जमलं, तेव्हा यानं झगा शिवायला टाकला होता.

जातीनं, धंद्यानं न्हावी. वाडवडिलांपासून. नवजात बाळांचं जावळ काढायचं, मोठ्यांची डोकी भादरायची आणि ज्याचं अंग दुखतं त्याला शिंग लावून वाईट रक्त काढायचं, हा त्यांच्या घरचा उद्योग. बापानं जाताना शेकाराऊला वस्तरे दिले, गाईची दोन शिंगं दिली, चामड्याची धोपटी दिली, बाजारातली चिंचेखालची जागा दिली. हात तेवढा बरोबर घेऊन गेला.

कारण शेकाराऊचं मन कोवळं. पाठीवर वस्तऱ्याच्या बारीक चिरा मारायच्या, वर शिंग ठेवायचं, टोकाच्या भोकातून हवा ओढायची आणि मेणानं भोक बंद करायचं, एवढंच काम. पण गिऱ्हाईक "आई गं" म्हणालं की शेकाराऊचेच डोळे भरून यायचे. खाटकानं बकऱ्यांना लाडानं नावं ठेवावीत, त्यातली गत. चिरा मारायचा तो कातडीची माफी मागत. मग रक्तही तसंच यायचं, कंजुषाच्या हातून सुटणाऱ्या भिकेसारखं, थेंब थेंब, कुरकुरत.

आणि आमच्या गावात रक्ताचं माप डोळ्यांनी होतं. पाठदुखी, गुडघेदुखी, झोप न येणं, सासू पटकन न मरणं, या सगळ्याला कारण एकच, वाईट रक्त. ते निघालं की नाही हे ठरवायची रीतही एकच. शिंगाखाली भोपळ्याचा वाडगा धरायचा आणि तो किती भरला ते बघायचं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, मटणवाल्यांच्या ओळीत, गावातला दुसरा न्हावी दान असाबे बसायचा. दान असाबे म्हणजे असाबेचा मुलगा. तो बापाच्या नावानं नाही, आईच्या नावानं ओळखला जायचा, यावरून तिचा आवाज किती मोठा होता ते समजा. तो आवाज त्याच्यातही उतरला होता. गिऱ्हाईक ओरडलं की दान असाबे त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचा आणि त्या गोंधळात चांगल्या खोल चिरा मारायचा. त्याचा वाडगा निदान तळ तरी झाकायचा. शेकाराऊच्या वाडग्यात माश्यांचीही निराशा व्हायची.

मी चिंचेखालीच, शेकाराऊला लागून, लोकांचे मोबाईल चार्ज करून द्यायचं टेबल मांडतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

एक लॉरीवाला आला. खांदा म्हणजे म्हशीचा. शेकाराऊनं पहिली चीर मारली आणि त्या धिप्पाड माणसानं अशी किंकाळी फोडली की माझ्या टेबलावरचे दोन फोन घाबरून वाजायला लागले. शेकाराऊ वस्तरा टाकून उठला, घरी गेला आणि बायको डोकेदुखीवर घेते त्या निळ्या कागदातल्या पुड्या घेऊन आला.

"ही जिभेवर टाक, वर पाणी पी. आज राहू दे. संध्याकाळी आणखी एक घे, उद्या सकाळी एक घे आणि मग ये. दुखणार नाही."

दुसऱ्या दिवशी लॉरीवाला आला. दुखलं नाही की काय ते मला ठाऊक नाही, ओरडला मात्र कमी. पण शेकाराऊनं शिंग काढलं आणि रक्त थांबेचना. वाडग्याचा तळ झाकला, वाडगा अर्धा झाला, रक्त पाठीवरून ओघळून विजारीत गेलं. शेकाराऊ राख दाबतोय, फडकं दाबतोय, आणि ते आपलं निवांत झिरपतंय. मटणवाल्यांच्या ओळीतून माणसं बघायला आली. इलू भाट गळ्यात ढोल अडकवून धावत आला. इलूला बारशाचा आणि मयताचा वास एकाच अंतरावरून येतो.

"शेकाराऊचा हात उघडला!" इलूनं ढोलावर थाप मारली. "बारा महिने पोटात बसून हा हेच शिकत होता रे!"

त्या दिवसापासून चिंचेखाली रांग. शेकाराऊ प्रत्येकाला आदल्या दिवशीच पुड्या द्यायचा, दुखू नये म्हणून. आणि प्रत्येकाचं रक्त नळ सोडल्यासारखं. मोटारसायकलींवरून शेजारच्या गावांतली माणसं यायला लागली. कुणी चक्कर येऊन पडलं की लोक म्हणायचे, "बघा, वाईट रक्त गेल्यावर अंग कसं हलकं होतं, उभंसुद्धा राहवत नाही!" कुणी पांढराफटक पडला की म्हणायचे, "चेहरा उजळला." कुणाचं दुसऱ्या दिवशीही झिरपत राहिलं तर काय विचारता, "एवढं साठवून ठेवलं होतं लेकाच्यानं!" माणूस जितका अर्धमेला व्हायचा, तितका शेकाराऊ मोठा व्हायचा.

शेकाराऊला वाटायचं, बापानं नेलेला हात परत केला. तो आता चिरा मारताना माफी मागत नसे. गुणगुणत असे.

डेलू तेवढी खूश नव्हती. डेलू बाजारामागच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. डॉक्टर कधीतरी येतो, बाकी दिवस डेलूच दवाखाना. चिंचेखालून उजळलेले चेहरे तिच्या ओट्यावर येऊन आडवे व्हायचे. पाठीला चिकटलेले सदरे पाणी लावून लावून ती सोडवायची आणि विचारायची, "काय घेतलं होतंस?" आणि प्रत्येकजण म्हणायचा, "काही नाही गोग्गो. नुसती पुडी." गोग्गो म्हणजे आत्या; सगळं गाव तिला तेच म्हणतं.

एका बाजाराच्या दिवशी ती तरातरा चिंचेखाली आली.

"ए शेकाराऊ! पोटातून निघायला उशीर केलास, तोवर अक्कल वाटून संपली होती वाटतं?"

रांग खूश झाली. माझ्याकडे फोन घ्यायला आलेले लोक फोन न घेता थांबले. आमच्याकडे आते-मामे भावंडांना एकमेकांना काहीही बोलायची सूट असते. चोर म्हणा, गाढव म्हणा, भर बाजारात टोपी उडवा. समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तर तोच खोटा. आणि या दोघांची जुगलबंदी म्हणजे गावाची फुकटची करमणूक.

"या या, माझी होता होता राहिलेली बायको," शेकाराऊ म्हणाला. "बस. तुझंही वाईट रक्त काढतो. पण वाडगा पुरायचा नाही. कुणीतरी रांजण आणा रे!"

"मी थट्टा करत नाहीये. त्या निळ्या पुड्या देणं बंद कर. तो लॉरीवाला पुन्हा तुझ्याकडे शिंग लावून आता माझ्याकडे पडलाय. पाठ बांधून बांधून माझ्या पट्ट्या संपल्या. नाकातूनसुद्धा रक्त येतंय त्याच्या."

"नाकाला मी शिंग लावलंच नव्हतं. नाकातलं तुला बघून आलं असणार."

हशा. इलूनं ढोल वाजवला.

"अरे गाढवा, ऐक तरी. त्या पुडीत ऍस्पिरिन आहे. माणसाच्या रक्तात बारीक बारीक चकत्या फिरत असतात, प्लेटलेट म्हणतात त्यांना. कातडी फाटली की जी पहिली तिथं पोचते ती बोंब मारते, या गं सगळ्या, इथं भोक पडलंय! मग बाकीच्या धावत येतात, एकमेकींना चिकटतात, भोक बुजवतात. ही पुडी त्यांची बोंबच बंद करते. चकत्या असतात तिथंच, पण मुक्या. शेजारून वाहून जातात, कुणाला पत्ता नाही."

"बायकांना मुकं करणारी पुडी?" इलू ओरडला. "शेकाराऊ, मला पोतंभर दे!"

"आणि एकदा मुकी झालेली चकती मरेपर्यंत मुकी," डेलूचा आवाज चढला. "नव्या तयार होऊन जुन्यांची जागा घेईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. त्या दिवसांत तू माणसाच्या पाठीला भोकं पाडतोस! दुखणं थांबवायचंच असेल तर पॅरासिटामॉलची गोळी दे, ती चकत्यांच्या फारशी वाटेला जात नाही. तुझा हात उघडलेला नाही, मूर्खा. लोकांचं रक्त उघडं पडलंय!"

बाजार हसून हसून वाकला. "काय बेरकी बाई आहे!" एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही!"

आता बघा. हेच एखाद्या परक्यानं म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, पंचांपुढे गेलं असतं, शेकाराऊला उत्तर द्यावं लागलं असतं. पण बोलली डेलू. ती जितकी चिडली तितकं लोकांना वाटलं की आज रंगात आलीय. तिनं रागानं चपला आपटल्या, टाळ्या पडल्या. ती दवाखान्यात जाऊन प्रत्येक रोग्याला तेच सांगायला लागली तर रोगी कौतुकानं म्हणायचे, "गोग्गो, मामाच्या घरच्यांना तुम्ही सोडत नाही हं!" ती गावच्या मुख्यांकडे, दगाचींकडे गेली. दगाची भारदस्त गृहस्थ, पण त्यांनीही तिला पुन्हा एकदा तो चकत्यांचा भाग करून दाखवायला सांगितला, कारण त्यांच्या बायकांनी ऐकला नव्हता.

मग एकदा निळ्या पुड्या संपल्या. पूल खचला होता, माल येत नव्हता. दुकानदारानं शेकाराऊला पुड्यांऐवजी पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या. शेकाराऊनं त्या दिल्या गिऱ्हाइकाला. दुसऱ्या दिवशी तोच वस्तरा, तेच शिंग, तेच गुणगुणणं, आणि वाडग्यात आले चार थेंब. पाचवा आला तो शेकाराऊच्या कपाळावरचा घाम होता. गिऱ्हाईक वाडगा बघून, "मला काय भिकारी समजलास?" म्हणून तणतणत दान असाबेकडे गेलं.

शेकाराऊ हात उलटा-सुलटा करून बघत बसला.

"माझा हात कसा दिसतो रे तुला?" त्यानं मला विचारलं.

"हातासारखा," मी म्हटलं.

त्यानं तो झग्याच्या बाहीत ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं चिंचेखालचं दुकान बंद ठेवलं, सायकल काढली आणि खचलेल्या पुलाखालून, सायकल खांद्यावर घेऊन, पलीकडच्या बाजारातून पुड्या आणल्या. यावरून काय समजायचं ते मी समजलो. त्यानंही समजून घेतलं असणार, फक्त स्वतःला सांगितलं नसावं.

तेवढ्यात गावाचा सरकिन अस्का वारला. सरकिन अस्का म्हणजे वस्तऱ्यांचा राजा, सगळ्या न्हाव्यांचा प्रमुख. म्हातारा इतका जुना होता की तो पद आहे की माणूस हेच लोक विसरले होते. पद रिकामं झाल्यावर आठवण झाली. या पदाला पांढरी पगडी असते, दगाचींच्या पायाशी बसायची जागा असते आणि ईदच्या मिरवणुकीत घोडा असतो. घोडा दगाचींच्या घोड्यामागून चालतो आणि त्याच्या मागून सगळं गाव.

शेकाराऊला दुसरं काही नको होतं. "एकदा," तो मला म्हणाला, "एकदा लोकांनी माझ्या पाठीकडे बघत चालावं. आजवर मीच सगळ्यांच्या पाठी बघत आलोय. नमाजात पाठी, लग्नात पाठी, आणि धंदा म्हणशील तर तोही पाठींचाच."

उमेदवार दोनच होते. दगाचींची स्वतःची पाठ बरेच दिवस धरली होती. त्यांनी विचार केला आणि एकाच सकाळी दोन्ही कामं उरकायचं ठरवलं. डाव्या खांद्यावर शेकाराऊनं शिंग लावायचं, उजव्या खांद्यावर दान असाबेनं, वाड्याच्या दारात, सगळ्यांसमोर. ज्याचा वाडगा जास्त भरेल त्याची पगडी.

शेकाराऊनं दगाचींना पुड्या पाठवल्या. नेहमीच्यापेक्षा जास्त. "तुम्हाला तसूभरही दुखू नये म्हणून," असा निरोप. दगाचींनी सगळ्या घेतल्या. फुकट आलेलं औषध आमच्याकडे कुणी अर्धवट टाकत नाही.

त्या सकाळी गाव वाड्यासमोर. बायका कोसाई, म्हणजे चवळीची भजी, तळायला तिथंच बसल्या. चांदीच्या रंगाच्या तबकात पांढऱ्या पगडीचं कापड घडी करून ठेवलेलं. इलूला शेकाराऊनं आधीच चघळायला कोलाच्या बिया देऊन डाव्या खांद्याकडे उभं केलं होतं.

दोघांनी एकदम चिरा मारल्या. दान असाबे सवयीनं ओरडला. दगाची ओरडले नाहीत, त्यामुळे तो एकटाच ओरडल्यासारखं झालं. शिंगं बसली, हवा ओढली, मेण लागलं. थोड्या वेळानं शिंगं निघाली.

डाव्या खांद्यातून रक्त आलं, शेकाराऊच्या कीर्तीला साजेसं. इलूनं ढोल उचलला, "वस्तऱ्याचा वाघ…" एवढं म्हणाला आणि थांबला. कारण उजव्या खांद्यातूनही तसंच आलं. दान असाबेच्या जन्मात असं रक्त आलं नव्हतं. तो शिंगाकडे बघतोय, वाडग्याकडे बघतोय, स्वतःच्या हाताकडे बघतोय. मग त्यानं छाती फुगवली. माणसाला स्वतःचा मोठेपणा पटायला किती कमी वेळ लागतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मला एकदम लख्ख कळलं. शेकाराऊनं पुडी दगाचींच्या डाव्या खांद्याला दिली नव्हती, पोटात दिली होती. पोटात गेलेल्या पुडीला डावं-उजवं काय कळणार? अंगभर सगळ्या चकत्या मुक्या. कुणीही कुठंही टोचलं असतं तरी वाहिलं असतं.

शेकाराऊलाही कळलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. काठोकाठ वाडगा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा इतका रिकामा चेहरा मी पाहिला नव्हता.

दोन्ही वाडगे भरले. दुसरे आणले. लोक आरोळ्या देत होते. इलू बिचारा एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे करत नुसताच ढोल बडवत होता. दगाची आधी हसत होते. मग हसणं ओठांवर राहिलं आणि बाकीचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पाणी मागितलं, पण प्याले नाहीत. दोघा न्हाव्यांनी राख दाबली, फडकी दाबली. फडकी भिजली.

डेलू गर्दीतून कोपरं मारत आली. हातात दवाखान्याची पेटी. तिनं फडकी फेकून दिली, जाड पट्टीच्या दोन घड्या दोन्ही खांद्यांवर ठेवल्या आणि तळहातांनी सगळा जोर लावला.

"किती पुड्या घेतल्या?"

"आली बघा," दगाची पुटपुटले, "मामाच्या घराची वैरीण…" आणि लोक हसले. अहो, हसले! माणूस समोर पांढरा पडतोय आणि लोक हसतायत, कारण डेलू बोलली.

"यांना शहरात न्यायला हवं, गाडी काढा!" डेलू म्हणाली.

"चकत्या मुक्या झाल्या काय गं?" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

डेलूनं हात न उचलता मान वर केली आणि शेकाराऊकडे बघितलं.

"मी बोलले की हे हसतात. तू बोल."

शेकाराऊनं तबकाकडे बघितलं. पगडीचं कापड होतं तिथंच होतं, नवं, इस्त्री केल्यासारखं. आपल्या वाडग्याकडे बघितलं. दोघांचे वाडगे बरोबरीचे होते. गप्प बसला असता तर निकाल कुणाच्याही बाजूनं लागू शकत होता, आणि इलूला कोलाच्या बिया यानंच दिल्या होत्या.

"ती थट्टा करत नाहीये," शेकाराऊ म्हणाला.

आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. मग तो ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा, दान असाबेहून मोठ्यानं.

"थट्टा करत नाहीये ती! वल्लाही! रक्त माझ्या हातानं नाही, पुडीनं वाहतंय. ते आपोआप थांबायचं नाही. मला माहीत होतं. गाडी काढा!"

गाडी निघाली. डेलू मागच्या बाजूला दगाचींच्या खांद्यांवर हात दाबून बसलेली आणि शेकाराऊ त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

शहरातल्या इस्पितळात दगाचींना रक्त चढवलं. बरे होऊन परतले तेव्हा गाव भेटायला लोटलं.

"डॉक्टर म्हणाला, फार रक्त गेलं," दगाची सांगत होते. "मी म्हटलं, हबा, काहीतरीच काय, वाईट होतं ते! चांगलं तेवढं राहिलं. पाठ बघा, कशी मोकळी झालीय." पाठ मोकळी व्हायचं कारण त्यांना इस्पितळात इतके दिवस झोपवून ठेवलं हेच असावं, पण दगाचींच्या पाठीवर मी कशाला बोलू?

मग त्यांनी दोघा न्हाव्यांना समोर बसवलं.

"शेकाराऊ, तू सगळ्यांसमोर म्हणालास, तुझ्या बाजूचं रक्त पुडीनं वाहिलं."

"दोन्ही बाजूंचं, दगाची. आयुष्य वाढो तुमचं."

"दान असाबे, तू मला पुडी दिली होतीस?"

"आयुष्य वाढो! मी आणि पुडी? माझा नुसता हात!" आणि यात खोटं काहीच नव्हतं.

"मग शेकाराऊ, तुझ्या पुडीचं रक्त याच्या वाडग्यात कसं जाईल?"

"दगाची, अंगात रक्त एकच असतं. इकडून तिकडं फिरतं."

"एकच असतं, तर मी तुम्हाला दोन वेगळे खांदे कशाला दिले होते?"

दरबारातले सगळे म्हातारे माना डोलवायला लागले. शेकाराऊचं सगळं रक्त त्याच्याच कबुलीनं बाद झालं, दान असाबेचं थेंबन् थेंब अस्सल ठरलं. दगाचींनी पगडी दान असाबेला जाहीर केली. वर शेकाराऊला म्हणाले, "खरं बोललास, ते आवडलं आम्हाला." खरं बोलण्याबद्दल पगडी देण्याची प्रथा कुठंच नसावी.

पगडी बांधण्याआधी नव्या सरकिन अस्काचं डोकं तुळतुळीत करावं लागतं आणि ते धंद्यातल्याच माणसानं करायचं असतं. गावात दान असाबे सोडून दुसरा न्हावी एकच.

शेकाराऊ वेळेवर आला. पहिल्यांदाच. त्यानं दान असाबेच्या डोक्याला पाणी लावलं, साबण चोळला. गाव भोवती उभं. मिरवणुकीसाठी आणलेला घोडा खूर आपटत होता. मी जवळ होतो म्हणून मला दान असाबेची कुजबुज ऐकू आली.

"रागावलायस?"

"मान खाली."

"एक विचारू? त्या दिवसानंतर माझा हात पुन्हा मिटला रे. कुणाचंच रक्त येत नाही. तू पुड्या किती द्यायचास?"

"म्हणजे तुला सगळं पटलं होतं."

"मला काय पटायचंय? नुसतं विचारतोय. आणि मी स्वतःवरच घेऊन बघतोय जरा. आज सकाळी कुनूची पेज पिताना तीन घेतल्या. डोकंही ठणकत होतं, या पगडीच्या धसक्यानं."

शेकाराऊचा वस्तरा हवेत थांबला. मग त्यानं तो पुसला, मिटला आणि धोपटीत ठेवला.

"आठ-दहा दिवसांनी ये."

"काय? पगडी आज आहे!"

"माझा हात कसा आहे तुला ठाऊक आहे. कुठंतरी कापणारच. आणि आज तुझं डोकं कापलं तर थांबवायला डेलूला तुझ्या डोक्यावर बसावं लागेल."

"जळतोय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"जळत नाहीये," शेकाराऊ उभा राहून म्हणाला. "यानं पुड्या घेतल्यात. तीन! आत्ताच सांगितलं मला. विचारा त्याला!"

"मी?" दान असाबे साबणाच्या फेसातून म्हणाला. "मी आणि पुडी?"

असा हशा पिकला की घोडा बिथरला. इलूला तर बसावंच लागलं. "हरला तर हरला, पण रंगात आलाय!" तो ढोलावर डोकं ठेवून म्हणाला. शेकाराऊ एकेकाकडे बघत सांगत होता, हात जोडून सांगत होता, आणि तो जितकं कळवळून सांगत होता तितके लोक पोट धरत होते. शेवटी मुहूर्त टळू नये म्हणून कुणीतरी दान असाबेच्या डोक्यावरचा साबण फडक्यानं पुसला आणि केसांवरूनच पगडी गुंडाळली. वस्तऱ्यांचा राजा घोड्यावर चढला. पगडीखालून ओल्या केसांच्या शेंड्या कानांवर आल्या होत्या आणि मानेवरून साबण ओघळत होता.

शेकाराऊ रिकाम्या तिवईपाशी उभा होता. डेलू पुढं आली. लोक थबकले. आता ती काय बोलते ते ऐकायला मिरवणूकसुद्धा घटकाभर अडली.

"मालम शेकाराऊ," डेलू म्हणाली, "दवाखान्यात चला. पट्ट्या बांधायच्या आहेत. तुम्ही हात धुतलात की सुरू करू."

मालम! शिकल्यासवरल्या, मान असलेल्या माणसाला लावायचा शब्द, आणि वर 'तुम्ही'! गाव एकदम हशानं फुटलं. त्या दिवशीची सगळ्यांत मोठी थट्टा म्हणून लोक अजून ती सांगतात. शेकाराऊनं धोपटी खांद्याला लावली आणि तिच्यामागून चालू लागला.